पाटील आहे म्हणून मराठीच असेल असं नाही

बेळगावात 'मी कोच आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठल्या विषयाचा क्लास?" शेजारच्या काकूंना अजून वाटतं, मी सीईटीच्या पोरांना शिकवते. माझं काम म्हणजे ऐकून घेणं आणि प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचा निर्णय घ्यायला मदत करणं, हे समजावणं मी सोडून दिलंय.

या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी आकडे आधी उरकते. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या प्रमाणपत्राच्या पहिल्या पायरीला, एसीसीला, 60 तासांचं प्रशिक्षण, 10 तास मेंटर कोचिंग (म्हणजे अनुभवी कोचकडून आपल्या कामावर मार्गदर्शन) आणि 100 तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं. त्यातले 75 तास मोबदला घेऊन केलेले हवेत. ही अट आपल्याकडे जड जाते. नुसतं ऐकून घ्यायचे पैसे कसले, असं लोक तोंडावर विचारतात.

माझ्या सरावाच्या तासांत उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचे सुपरवायझर आले. आडनाव पाटील. मी शहापूरची, घरी मराठी, त्यामुळे बोलणं मराठीतच सुरू झालं. तेही मराठीत उत्तर द्यायचे, नेटकं, पण दोन वाक्यांत संपवायचे. चार सेशननंतर मी वहीत लिहिलं, 'माणूस मोकळा होत नाही.' पाचव्या वेळी मध्येच त्यांना घरून फोन आला आणि हाच माणूस कन्नडमध्ये हसत, चिडत, हातवारे करत दहा मिनिटं बोलला. फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"आमचं घर बैलहोंगलकडचं की, मॅडम. मराठी येतंय, पण डोक्यात कन्नडच चालतंय."

पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे दोन्हीकडे असतात, हे इथलं शाळकरी पोरही सांगेल. मला माहीत होतं, तरी विचारलं नाही.

मेंटरने ते ऐकून एवढंच विचारलं, "पहिल्याच दिवशी ते कन्नडमध्ये बोलले असते तर तुला काय वाटलं असतं?" मला उत्तर देता आलं नाही. माझे बाबा दरवर्षी 1 नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधात निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीला जायचे, लहानपणी मीही दंडाला फीत बांधून गेलेय. त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीत कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे. खरं उत्तर असं होतं की मला आत कुठेतरी टोचलं असतं. आमच्या कोर्समध्ये शिकवलं होतं, कोचला जात, भाषा, गाव दिसता कामा नये. मला ते पटत नाही. समोरच्याला माझं गाव पहिल्या वाक्यात कळतं, मग मी न पाहिल्याचं सोंग कुणासाठी करू? कोचला काय काय यायला हवं, त्या फेडरेशनच्या 2019 च्या सुधारित क्षमतांच्या यादीत संदर्भ आणि संस्कृतीचा प्रभाव ओळखायला स्पष्ट सांगितलंय. वर्गात मात्र त्यावर अर्धा तास झाला, तोही परदेशी लोकांशी हस्तांदोलन कसं करायचं यावर.

आता मी पहिल्या भेटीतच विचारते, रागावता कुठल्या भाषेत? हाक कशी मारू? निर्णयात घरातलं कोण कोण असतं? तिसरा प्रश्न मला उशिरा सुचला. 'तुम्हाला स्वतःला काय हवंय?' यावर 'घरात विचारून सांगतो' असं आलं की आधी मी त्याला पळवाट समजायची. पाटलांचं प्रमोशन थोरल्या भावाशी बोलल्याशिवाय ठरणारच नव्हतं, कारण शेत एकत्र होतं. त्यांच्याबाबतीत ती पळवाट नव्हती, प्रश्नच तिथे होता.

पुढची सेशन आम्ही मिसळून केली. ते कन्नडमध्ये, मी माझ्या बाजारी कन्नडमध्ये, अडलं की मराठीत. भावाशी बोलायचं का, यावर ते "नोडोणरी" म्हणाले आणि मी ते होकारात धरून दोन आठवडे वाट बघत बसले. शब्दशः 'बघूया', पण त्यांचा तो नकार होता. आपल्या 'बघू की'सारखाच.

सध्या शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या एका अक्कांकडे कन्नड बोलायला बसते. त्यांचे 'नोडोण' म्हणायचे चार सूर मोजून झालेत, पाचवा परवा ऐकला.