अकाली गेलेल्या माणसाची आठवणवही: पहिल्या वर्षात काय करायचं

सांगलीत कर्ता तरुण माणूस गेला की पहिल्या पुण्यस्मरणाला चौकात फ्लेक्स लागतो, पेपरात फोटोसह श्रद्धांजली येते, मित्रमंडळी शिबिर घेतात. सगळं मायेपोटीच होतं. पण घरात चार-पाच वर्षांचं लेकरू असेल तर त्याच्या हाती यातलं काहीच राहत नाही. आपले पप्पा कसे बोलायचे, कशावर चिडायचे, हे त्याला मोठेपणी कळायचं असेल तर त्यांचा आवाज आणि लोकांच्या आठवणी पहिल्या वर्षातच गोळा करायला हव्यात.

सुरुवात फोनपासून करा, तीही तेरावं झाल्यावर लगेच. प्रीपेड सिम 90 दिवस वापरात नसलं तर बंद होऊ शकतं आणि तो नंबर पुढं दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. व्हॉट्सअॅपचं खातं साधारण 120 दिवस पडून राहिलं की हटवलं जातं. गुगलच्या खात्याला 2 वर्षांची मुदत आहे. म्हणून सिमला रिचार्ज मारत राहा, फोन फॉरमॅट करू नका, कुणाला वापरायलाही देऊ नका. फोन उघडायचा की नाही हे मात्र पत्नी ठरवेल. ती नको म्हणाली तर चार्ज करून कपाटात ठेवा आणि विषय थांबवा. महिन्या-दोन महिन्यांनी ती कदाचित आपणहून काढून देईल.

त्याचा आवाज त्याच्याच फोनमध्ये असतो असं नाही. त्यानं पाठवलेल्या व्हॉइस नोट मित्रांच्या, बहिणीच्या, कामावरच्या लोकांच्या मोबाइलमध्ये पडून असतात. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सअॅपच्या मीडिया फोल्डरात व्हॉइस नोट्सचा वेगळा फोल्डर असतो, त्यात आठवड्यागणिक कप्पे आणि फाइलच्या नावातच तारीख. पण कुणी कुणाला पाठवली हे नावावरून कळत नाही, म्हणून फाइल घेतली की तिथंच नाव बदला: आधी तारीख, मग ज्याला पाठवली त्याचं नाव, मग विषय. मूळ फाइल ओपस प्रकारची असते, ती तशीच ठेवा आणि सोबत एमपीथ्री प्रत करा, कारण साध्या प्लेअरवर ओपस वाजेलच असं नाही. ‘येताना भडंग आणतो, चहा टाक’ एवढीच आठ सेकंदांची नोट असली तरी टाकून देऊ नका. लेकराला पुढं नेमका तोच आवाज हवा असतो, व्यासपीठावरचं भाषण नव्हे. लग्नाची शूटिंग केलेल्या फोटोग्राफरलाही लगेच फोन करा. जुनी कामं हार्डडिस्कवरून पुसली जातात.

फोटो मागताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि मोठी प्रिंट फुटते. चार बाय सहा इंचांच्या स्वच्छ प्रिंटला 1200 बाय 1800 पिक्सेल पुरतात. कागदी फोटो 600 डीपीआयवर (स्कॅनरमधलं बारकाईचं माप) स्कॅन करा. मोबाइलनं काढलेल्या फोटोत हमखास ट्यूबलाइटचा चट्टा येतो.

आता लोकांच्या आठवणी. इथंच सगळ्यात जास्त बिघडतं. ‘त्याच्याबद्दल दोन शब्द लिहा’ म्हटलं की तीस जण एकच लिहितात: हसतमुख, मनमिळाऊ, देवमाणूस. त्यांचं चुकत नाही, प्रश्नच चुकलेला असतो. असं विचारा: त्याच्या गाडीच्या डिकीत काय काय असायचं? उशीर झाला की काय थाप मारायचा? तुमचं भांडण कशावरून झालं आणि आधी कोण बोललं? पहिला पगार झाल्यावर त्यानं काय घेतलं? मार्केट यार्डातल्या हमालाला, तालमीतल्या वस्तादाला, कुपवाड एमआयडीसीतल्या शिफ्टच्या जोडीदाराला जे माहीत असतं ते घरच्यांनाही नसतं. एका माणसाकडून एकच प्रसंग घ्या, पानभर, त्याच्याच बोलीत. भाषा सुधारायला जाऊ नका.

दोन गोष्टी वहीबाहेर ठेवा. एक, उसनवारी, ती घरच्यांशी वेगळी बोला. दुसरी, अपघाताचा किंवा दवाखान्याचा शेवटचा दिवस. प्रत्येकाच्या मनात तोच ताजा असतो, त्यामुळं अर्धी वही त्यानंच भरते आणि लेकरू बापाच्या जगण्यापेक्षा मरणच जास्त वाचतं. त्याला मिळून अर्धं पान द्या, आणि ते घरातल्या एकानंच लिहावं.

त्याच्या आईला लिहायला लावू नका, बोलू द्या. दुपारी, स्वयंपाक आवरल्यावर. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर वीतभर अंतरावर. वीस मिनिटं पुरे. त्याच्या लहानपणापासून सुरू करा. रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी.

वहीला 100 जीएसएमचा (म्हणजे जाडसर) कागद आणि पक्की शिवण हवी. जेल पेनची शाई ओलीनं पसरते, बॉलपेन बरा. फोटो फेव्हिकॉलनं चिकटवू नका, फोटो अडकवायचे कागदी कोपरे लावा. लॅमिनेशनही नको, एकदा कडेनं पाणी शिरलं की फोटो सोडवता येत नाही.

पाण्याचा विचार सांगलीत करावाच लागतो. 2019 च्या महापुरात कित्येक घरांतले अल्बम भिजले, आणि बरेच नंतरच्या घाईनं गेले: चिकटलेले फोटो तसेच वाळू दिले, मग ओढून काढले. भिजलेले फोटो वाळण्याआधी स्वच्छ पाण्यात हलकेच सुटे करा, चित्राची बाजू वर ठेवून सुती कापडावर सावलीत वाळवा. वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. वहीच्या तीन प्रती काढा, त्यातली एक पूररेषेबाहेरच्या नातेवाइकाकडे.

वही द्यायचा दिवस ठरवताना तिथी आणि तारीख यांचा घोळ होतो. वर्षश्राद्ध तिथीनं असतं, ती तारखेच्या साधारण 11 दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना आला तर तारीख उलटून गेल्यावर येते. गुरुजींकडून तिथी काढून घेतल्याशिवाय पेपरात मजकूर देऊ नका. विधीच्या गर्दीत वही देऊ नका, तारखेच्या दिवशी संध्याकाळी घरी द्या. रक्तदान शिबिर असेल तर मंडळाचं आधीचं शिबिर कधी झालं ते बघा. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर लागतं, नाहीतर निम्मे मित्र परत जातात.

शेवटची वीस पानं कोरी ठेवा, गावाबाहेरचे मित्र सावकाश येतात. पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका, तो पडून पडून बिघडतो. दरवर्षी मेअखेर, पावसाच्या आधी, सगळे आवाज एकदा वाजवून बघा आणि नव्या हार्डडिस्कवर प्रत काढा.