दोन दिवसांचा सर्वसमावेशक प्रस्तरारोहण महोत्सव कसा भरवावा

प्रस्तरारोहणाचा महोत्सव सर्वांसाठी खुला आहे असे पत्रकावर छापणे सोपे असते. तो खरोखर तसा आहे की नाही, हे गाडी थांबते तेथपासून कड्याच्या पायथ्यापर्यंतच्या वाटेवरच ठरून जाते. काही वर्षांपूर्वी आम्ही भरवलेल्या एका शिबिरात, लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झालेली एक तरुणी सकाळच्या सत्रात तीस फुटांचा कातळटप्पा नेटाने चढून गेली. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. संध्याकाळी सामान आवरताना तिची पाण्याची बाटली सकाळी भरली होती तशीच भरलेली दिसली. शौचालय घसाऱ्याच्या उताराखाली होते आणि तेथे जाण्यासाठी प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात मागावा लागू नये म्हणून तिने दिवसभर पाणीच प्यायले नव्हते. ती चूक सर्वस्वी आमची होती. कडा निवडताना आम्ही फक्त माथा पाहिला होता, पायथा पाहिलाच नव्हता.

म्हणून पहिली सूचना अशी की, कड्याची निवड पायथ्यापासून सुरू करावी. वाहन कोठपर्यंत जाते, तेथून किती अंतर चालावे लागते, वाटेत किती पायऱ्या, किती चिखल आणि किती मुरूम आहे, पायथ्याशी वीस-पंचवीस माणसांना बसता येईल अशी सपाट व सावलीची जागा आहे का, आणि शौचालय त्याच पातळीवर उभारता येईल का, या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाल्यानंतरच वर पाहावे. नागफणी किंवा तैलबैला यांसारख्या सह्याद्रीतल्या उंच कड्यांचे आकर्षण कोणाही आरोहकाला असते, परंतु या महोत्सवासाठी वस्तीलगतचा, पंचवीस ते चाळीस फूट उंचीचा, साधा कातळ कितीतरी उपयोगी पडतो. नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या कातळांवर गिरिविहार संस्थेने नैसर्गिक खडकावरच्या स्पर्धा भरवल्या, त्या यशस्वी होण्यात शहराच्या अगदी जवळ असलेल्या त्या जागेचाही वाटा आहे. शक्य असल्यास आयोजकांपैकी एकाने चाकाच्या खुर्चीत बसून आणि दुसऱ्याने डोळ्यांवर पट्टी बांधून ही वाट एकदा पार करावी. कागदावर कितीही आराखडे काढले, तरी जे लक्षात येत नाही ते या अर्ध्या तासात लक्षात येते.

सह्याद्रीचा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. या बेसाल्टला खाचा, कंगोरे आणि कपारी भरपूर असल्याने पकड चांगली मिळते, पण ऊन-पावसाने सुटलेले दगडही त्याच कपारींत बसलेले असतात. महोत्सवाच्या किमान पंधरा दिवस आधी अनुभवी आरोहकांनी वरून दोरावर उतरत प्रत्येक मार्ग तपासावा, हाताच्या तळव्याने पकडी ठोकून पाहाव्यात, आणि ज्या दगडाचा आवाज पोकळ येतो तो खाली कोणी नसताना काढून टाकावा किंवा त्यावर खडूने मोठी फुली मारावी. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला असतो आणि मार्चनंतर दुपारी तो हाताला भाजतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ यासाठी योग्य ठरतो.

याच पाहणीत आग्या मोहोळांचा शोध घेणे अत्यावश्यक आहे. उंच कड्यांच्या पोटाला, ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या कातळाखाली, ही मोहोळे लटकलेली असतात, आणि धूर, उग्र अत्तर, दगड पडणे किंवा आरडाओरडा यांनी माश्या उठू शकतात. धडधाकट माणूस अशा वेळी पळ काढतो. ज्याला पळता येत नाही, दिसत नाही किंवा जो हार्नेसमध्ये, म्हणजे दोराला जोडलेल्या सुरक्षापट्ट्यांत, अडकलेला आहे, त्याच्यासाठी हा प्राणांतिक प्रसंग असतो. शेजारच्या भिंतीवर जरी मोहोळ दिसले, तरी ती जागा सोडून द्यावी. आदल्या दिवशी पुन्हा पाहणी करावी, कारण पंधरा दिवसांत नवे मोहोळ बसू शकते.

परवानग्यांचे काम दोन महिने आधी हाती घ्यावे. जमीन वनविभागाची आहे, पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालील किल्ल्याची आहे की खासगी मालकीची, हे प्रथम पाहावे. ग्रामपंचायतीला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे. राज्य शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे करावयाच्या नोंदणीची पूर्तताही वेळेत करावी.

नोंदणीचा अर्ज हा माझ्या मते महोत्सवाचा खरा पाया आहे. "आपणास काही अपंगत्व आहे का?" असा एकच प्रश्न विचारून पुढे हो-नाहीचे दोन चौकोन ठेवणाऱ्या अर्जातून आयोजकाला काहीच उपयुक्त माहिती मिळत नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि एकाच प्रकारातल्या दोन माणसांच्या गरजाही सारख्या नसतात. त्याऐवजी असे विचारावे: आपल्याला खडबडीत वाटेवर किती वेळ चालता येते? सूचना ऐकून, पाहून की स्पर्शाने समजून घेणे सोयीचे आहे? शरीराच्या कोणत्या भागाला संवेदना कमी आहे? कोणती औषधे कोणत्या वेळी घ्यावी लागतात? सोबत मदतनीस येणार आहे का? त्याच अर्जात कमरेचा घेर, बुटांचे माप आणि भाषा विचारून घ्यावी, म्हणजे स्थूल व्यक्तीला सर्वांसमोर हार्नेस बसत नसल्याचे ऐकावे लागत नाही. अर्ज आल्यावर प्रत्येकाला दूरध्वनी करावा. बहुतेक जण खरी अडचण लिहीत नाहीत, बोलता बोलता सांगतात.

शुल्काचा प्रश्नही समावेशकतेचाच आहे. काही जागा पूर्णपणे विनामूल्य ठेवाव्यात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी पायथ्याच्या गावातल्या मुलामुलींसाठी असाव्यात. ज्यांच्या गुरांच्या वाटा त्या कड्याखालून जातात, त्यांनी केवळ चहा-भाकरी पुरवावी आणि शहरातून आलेल्यांनी चढावे, ही रीत बदललीच पाहिजे. जेवणाचे काम गावातल्या बचत गटाला रास्त दराने द्यावे आणि रक्कम त्याच दिवशी चुकती करावी.

आता संख्येचा हिशेब. समजा, सहा दोर लावले आणि सकाळच्या सत्रात चार तास मिळाले, तर चोवीस दोर-तास हाती येतात. छत्तीस सहभागींपैकी आठ जणांना तयारीसह प्रत्येकी पाऊण तास लागणार असेल, तर सहा तास तेथे जातात. उरलेल्या अठरा तासांत प्रत्येकी वीस मिनिटे धरून चौपन्न चढाया होतात, म्हणजे उरलेल्या अठ्ठावीस जणांना जवळजवळ दोनदा चढता येते. त्यामुळे छत्तीसहून अधिक प्रवेश घेऊ नयेत. गर्दी झाली की घाई होते, आणि घाईत सर्वात आधी कापला जातो तो हळू चढणाऱ्याचा वेळ. प्रत्येक दोरावर एक प्रशिक्षक आणि बिलेचा, म्हणजे चढणाऱ्याला खालून सांभाळणारा, दोर मागून धरणारा एक साहाय्यक असावा, आणि या दोघांखेरीज किमान दोन प्रशिक्षक मोकळे असावेत.

सर्व चढाया वरून लावलेल्या दोरावर, म्हणजे टॉप-रोपवर घ्याव्यात. प्रत्येक दोरासाठी एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन भक्कम अँकर, म्हणजे दोर जोडण्याचे आधार, असावेत, त्यांवरचा भार समान विभागलेला असावा आणि त्यांना जोडलेल्या दोन स्लिंगांमधला, म्हणजे पट्ट्यांमधला, कोन 60 अंशांहून कमी ठेवावा. 60 अंशांवर प्रत्येक अँकरला भाराचा सुमारे 58 टक्के भाग पेलावा लागतो. कोन 120 अंशांपर्यंत गेला, तर प्रत्येक अँकरवर पूर्ण भाराइतकाच ताण येतो आणि दोन अँकर लावल्याचा ताण वाटून घेण्याचा हेतूच फसतो. मुख्य दोर स्क्रू-गेटच्या दोन कॅराबिनरांतून (कॅराबिनर म्हणजे उघडता येणारी धातूची कडी; स्क्रू-गेट म्हणजे स्क्रूने बंद होणारी), त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना ठेवून, ओवावा. कड्याच्या धारेवर दोर घासत असेल तेथे जाड कापड किंवा पॅड बांधावे. खडकात ठोकलेले जुने, गंजलेले बोल्ट पूर्वी कोणी वापरले होते एवढ्याच आधारावर वापरू नयेत. चढणारा जमिनीवरून पाय उचलण्यापूर्वी प्रशिक्षकाने त्याचे बकल, फिगर-ऑफ-एटची (इंग्रजी आठच्या आकाराची) गाठ, हेल्मेटचा पट्टा आणि बिलेचे साधन डोळ्यांनी पाहून, हाताने ओढून तपासावे. ही तपासणी पन्नासाव्या चढाईलाही पहिलीइतकीच कसून व्हावी.

अंध आरोहकाला मार्ग सांगणे ही शिकण्याजोगी कला आहे. अनेक ठिकाणी घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगतात, परंतु जन्मांध व्यक्तीच्या मनात घड्याळाचे चित्र असेलच असे नाही. आपल्याकडची जुनी मापे येथे फार चांगली चालतात: "उजवा हात, खांद्याच्या वर एक वीत, चार बोटे मावतील अशी खाच", "डावा पाय, गुडघ्याइतका वर, आडवा कंगोरा". सांगणारा एकच असावा आणि इतरांनी गप्प राहावे. चढण्यापूर्वी त्या व्यक्तीला कातळाच्या तळाशी हाताने चाचपू द्यावे, दोराचा पीळ, कॅराबिनरचा स्क्रू आणि स्वतःची गाठ बोटांनी ओळखू द्यावी. आमच्याकडे आलेल्या एका अंध विद्यार्थ्याने गाठीवरून दोनदा अंगठा फिरवून एक पदर दुसऱ्यावर चढला असल्याचे प्रशिक्षकाच्या आधी सांगितले होते. तेव्हापासून गाठींच्या सत्रात सर्वांनाच काही काळ डोळे मिटून गाठ बांधायला लावतो.

कर्णबधिर सहभागींसाठी "टेन्शन" (दोर ताणा) आणि "स्लॅक" (दोर सैल सोडा) या हाकांना पर्याय म्हणून दोराचे झटके ठरवून घ्यावेत, परंतु खडकावर दोर घासत असल्यास झटका पोहोचत नाही, हे ध्यानात ठेवून हाताच्या खुणाही ठरवाव्यात, आणि चढणाऱ्याला वळून पाहता येईल अशा जागी बिले देणाऱ्याला उभे करावे. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी दोन्ही दिवस पूर्णवेळ असावा, केवळ उद्घाटनापुरता नसावा. कृत्रिम पाय वापरणाऱ्यांपैकी काही जण तो काढूनच चढणे पसंत करतात. निर्णय त्यांचा असतो, आयोजकाने फक्त तो काढलेला पाय ठेवायला कोरडी जागा आणि उरलेल्या भागाला खरचटू नये म्हणून गुडघ्याची गादी द्यावी.

ज्यांना कमरेखाली ताकद किंवा संवेदना नाही त्यांच्यासाठी पूर्ण शरीराचा हार्नेस आणि तीनास एक या प्रमाणात भार हलका करणारी कप्पीची रचना लावावी. व्यक्ती हातांनी चढते आणि खालचे साथीदार तिच्या प्रत्येक ओढीबरोबर दोर घेतात. तिला संवेदना नसल्यामुळे पट्टा रुतत असल्याचे तिला कळणार नाही, म्हणून दर काही मिनिटांनी पट्ट्यांखाली हात घालून पाहावे आणि चढाईनंतर त्वचा तपासावी. हार्नेसमध्ये निश्चल लटकत राहणे कोणालाही घातक ठरू शकते. त्यामुळे व्यक्तीला तत्काळ खाली घेण्याचा सराव आदल्या दिवशी झालेला असावा.

बंगळुरूच्या मणिकंदन कुमार यांनी पॅराक्लायंबिंगच्या, म्हणजे दिव्यांगांच्या आरोहणाच्या, जागतिक स्पर्धेत भारतासाठी सुवर्णपदक मिळवले आहे, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ प्रथमच समाविष्ट होणार आहे. हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण दिव्यांग आरोहकाला "एकदा वर नेऊन आणणे" एवढ्यावर अनेक महोत्सव थांबतात. त्यांना पुढचा, अवघड मार्ग मागण्याचा आणि तो चढताना पडण्याचाही हक्क आहे.

दुपारची कौशल्यसत्रे वेगळ्या गटांत न घेता मिश्र गटांत घ्यावीत. गाठी, बिले, नकाशा व होकायंत्र, प्रथमोपचार आणि मुक्कामाची जागा निवडणे हे विषय दीड-दीड तासाचे पुरतात. होकायंत्र आणि नकाशाच्या सत्रासाठी समोच्च रेषांवर सुतळी चिकटवलेला मोठा नकाशा करावा. तो अंध सहभागींसाठी केलेला असतो, पण डोंगराचा उतार त्यावर सर्वांनाच लवकर कळतो. प्रथमोपचारात सर्पदंश घ्यावाच: दंश झालेला अवयव हलू न देणे, वर आवळपट्टी न बांधणे, जखम न कापणे, आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पोहोचवणे. असे रुग्णालय कोणते आणि किती वेळाच्या अंतरावर आहे, हे आयोजकाने आधी स्वतः जाऊन पाहिलेले असावे. 108 ची रुग्णवाहिका कोठपर्यंत येऊ शकेल तेही पाहावे, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक प्रत्येक प्रशिक्षकाकडे असावा. सत्रे घेणाऱ्यांत स्त्रिया आणि दिव्यांग प्रशिक्षक दोघेही असावेत.

मुक्कामासाठी गावातली शाळा किंवा समाजमंदिर बरे पडते. शौचालयाला आतून कडी, आधाराला दांडा, पाण्याची बादली, सॅनिटरी पॅड टाकण्यासाठी झाकणाची पेटी आणि रात्रभर दिवा असावा. शेकोटी पेटवू नये. वाळलेल्या गवतात वणवा लागायला एक ठिणगी पुरते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी तीनला शेवटची चढाई संपवावी. त्यानंतर प्रत्येक दोर हातातून सरकवत त्यात कोठे मऊ पडलेला किंवा फुगलेला भाग आहे का ते पाहावे, शंका असलेला दोर वेगळा काढून त्यावर चिठ्ठी लावावी, साधने मोजून घ्यावीत आणि कातळावरच्या खडूच्या खुणा पाणी व ब्रशने पुसून टाकाव्यात. आठवड्याभरात प्रत्येक सहभागीला पुन्हा दूरध्वनी करावा आणि एवढेच विचारावे की, या दोन दिवसांत त्यांनी काय करायचे टाळले. मिळालेली उत्तरे पुढच्या वर्षीच्या नोंदणी अर्जात प्रश्न म्हणून घालावीत. आमच्या अर्जात सध्या असे अकरा प्रश्न आहेत, आणि त्यांतला पहिला पाण्याविषयीचा आहे.