परिविक्षा अधिकारी म्हणून पहिली फाइल हातात येते तेव्हा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून जिल्हा बाल संरक्षण कक्षात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून रुजू झाले तेव्हा मला वाटायचं, गुन्ह्यात सापडलेल्या मुलाच्या घराची-परिस्थितीची माहिती देणारा सामाजिक तपासणी अहवाल म्हणजे नमुना ६ मधले रकाने भरायचे. पहिल्याच अहवालात लिहिलं, ‘मुलगा वाईट संगतीत आहे.’ अशा मुलांची प्रकरणं ज्यांच्यापुढे चालतात त्या बाल न्याय मंडळातल्या सदस्य बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘‘संगत म्हणजे कोण? ती पोरं भेटतात कुठे, किती वाजता?’’ मी गप्प.

पुन्हा त्याच्या घरी गेले. पोरगा सोळा वर्षांचा, दोन मित्रांबरोबर मोटारसायकल चोरलेली. आई सकाळी सातला कामावर जाते ती रात्री आठला येते. हा दहावीत गणितात गेला आणि घरीच बसला. भिंतीकडे बघत म्हणाला, ‘‘एकटा असतो ना मॅडम, तर हातही लावला नसता.’’

मला ती सबब वाटली. पुढे गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ सालचा अमेरिकेतला प्रयोग वाचला. संगणकावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायचं ते ठरवायचं. मित्र बघत असले की तेरा ते सोळा वयाची मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत. चोविशीपुढच्यांना मित्रांमुळे फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे पोरगा खरं तेच बोलत होता.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल मंडळापुढे पहिल्यांदा आणल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यातले निदान दोन दिवस घरासाठी राखा. वस्तीत पत्ता विचारताना ‘केस’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. आईला फोन करून रस्ता विचारा. पोलिसांच्या गाडीतून तर अजिबात जाऊ नका.

मुलाला घरी सोडताना कोणत्या अटी घालाव्यात हे मंडळाला सुचवण्यात मी बराच काळ चुकले. दर आठवड्याला हजेरी, मोबाइल बंद, सातच्या आत घरात, मित्रांशी बोलणं बंद, अशी यादीच सुचवायची. एवढं तर माझ्या घरातही कुणी पाळत नाही. मुलगा तीन हजेऱ्या चुकला की आपण लिहिणार, ‘सहकार्य करत नाही’. या वेळी दोनच अटी सुचवल्या: पंधरा दिवसांतून एकदा रविवारी भेट आणि जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म.

पुण्यात कल्याणीनगरच्या २०२४ च्या अपघातात अल्पवयीन चालकाला जामिनासाठी निबंध लिहायची अट घातली होती; त्यानंतर नातेवाईक मला विचारत, ‘‘तुम्ही निबंध लिहून घेता ना?’’ त्यांचा राग मला कळतो. मुलाच्या आयुष्याशी ज्याचा संबंध नाही, अशा अटीने काही सुधारत नाही. मग ती सौम्य असो की कडक.

गणितात ३८ पडले. पेढे घेऊन आला, बाहेर तेच दोघे मित्र मोटारसायकलवर बसलेले. गाडी कुणाची, हे मी आधी विचारलं. मित्राच्या मामाची निघाली, आरसी बुकसुद्धा दाखवलं. लायसन्स मात्र तिघांकडेही नव्हतं.