दिव्यांग प्रमाणपत्र काढताना या चुका टाळा

आजार मोठा, फाइल जाडजूड, वर्षानुवर्षं औषधं चालू, आणि तरीही तपासणीनंतर अर्ज नामंजूर. असं झालं की माणूस खचतो आणि पुन्हा त्या दारात जायचं नाही असं ठरवतो. पण बऱ्याचदा त्याचा त्रास खराच असतो, फक्त तो वैद्यकीय मंडळासमोर, म्हणजे तपासणी करून टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांसमोर, वेगळंच काहीतरी सिद्ध करायला गेलेला असतो.

आजाराचं नाव पुरेल असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. मंडळ आजाराला प्रमाणपत्र देत नाही. आजारामुळे शरीराचं किंवा मनाचं कोणतं काम किती कमी झालं, ते मोजून टक्के देतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यात पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, किडनी निकामी होणं हे मात्र त्या यादीत नाही. डायलिसिस चालू आहे म्हणून प्रमाणपत्र मिळेल या आशेने लोक येतात आणि रिकाम्या हाताने परततात.

पण यादीत नाव नाही म्हणजे मार्ग बंद झाला असंही नाही. मधुमेहाने पाय कापावा लागला असेल तर तो अस्थिव्यंगात मोजला जातो, त्याच मधुमेहाने पडदा खराब होऊन दृष्टी गेली असेल तर ती दृष्टिदोषात. पक्षाघातानंतर हातपायाची ताकद गेली असेल तर एक प्रकार, वाचा गेली असेल तर दुसरा. म्हणून अर्ज भरण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा: या आजाराचा जो परिणाम उरलाय, तो २१ पैकी कुठे बसतो? अर्जात तोच प्रकार निवडा.

आणखी एक. यादीतला आजार असला तरी टक्के लागतातच. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के हवेत. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच मिळतात. एका कानाने काहीच ऐकू येत नाही पण दुसरा नीट आहे, तर तो कायद्यातल्या कर्णबधिरतेत बसत नाही. तिथे दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी लागते. हे कठोर वाटतं, पण आधी माहीत असलं तर हेलपाटे वाचतात.

दोन त्रास असताना एकच सांगणं

याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे हक्काचा लाभ हातचा जातो. समजा एका डोळ्याचे ३० टक्के आहेत आणि जुन्या अपघातामुळे पायाचेही ३० टक्के भरतात. वेगवेगळे पाहिले तर दोन्ही ४० च्या खाली. पण बहुदिव्यांगत्वाचं सूत्र असं आहे: ९० मधून मोठी टक्केवारी वजा करा, उरलेल्या आकड्याला लहान टक्केवारीने गुणा, ९० ने भागा आणि जे येईल ते मोठ्या टक्केवारीत मिळवा. ९० वजा ३० म्हणजे ६०, गुणिले ३० म्हणजे १,८००, भागिले ९० म्हणजे २०. तीस अधिक वीस, एकूण ५० टक्के. जो माणूस अपात्र ठरला असता, तो पात्र होतो. सरळ बेरीज करून ६० ची अपेक्षा मात्र ठेवू नका. अर्जातच दोन्ही प्रकार नोंदवा आणि तपासणीच्या दिवशी दोन्ही विभागांची तपासणी झाली का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.

फार लवकर जाणं

शस्त्रक्रिया नुकतीच झालीय, फिजिओथेरपी चालू आहे, पक्षाघाताला महिनाच झालाय, अशा वेळी मंडळ थांबायला सांगतं, कारण सुधारणा अजून व्हायची आहे. उपचारानंतर जे कायमचं उरतं तेच मोजायचं असतं. बदल होण्याची शक्यता असेल तर मुदतीचं, म्हणजे तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. अध्ययन अक्षमतेत, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीत, वयाच्या टप्प्यांवर, ८, १४ आणि १८ व्या वर्षी, तपासणी होते. आठच्या आधी मुलाला त्यासाठी घेऊन जाण्यात अर्थ नाही.

अर्जातल्या बारीक चुका

१ जून २०२१ पासून प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं. हाताने लिहिलेलं किंवा जुन्या संगणकप्रणालीतलं प्रमाणपत्र असेल, तर ते अपलोड करून वैश्विक ओळखपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडीसाठी अर्ज करा. अर्जाला फी नाही.

नाव, जन्मतारीख, पत्ता आधारवर असेल तसाच भरा. लग्नानंतरचं नाव आधारवर नसेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज करा. मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर दिला तर पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. रुग्णालय निवडताना आपला जिल्हा किंवा जिथे उपचार झाले ते सरकारी रुग्णालय निवडा. अर्ज भरून स्वस्थ बसू नका: तपासणीला गेला नाहीत आणि दोन वर्षांत निर्णय झाला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तपासणीच्या दिवशी

चष्मा असेल तर घेऊन जा; दृष्टी सर्वोत्तम चष्मा लावून, चांगल्या डोळ्याची धरून मोजतात. कानाचं उलट असतं, श्रवणयंत्र काढून तपासतात. सांध्याच्या हालचालीचा कोन मोजतात, स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये ठरवतात. उगाच जोर लावून "जमतंय की" दाखवू नका, आणि मुद्दाम कमीही दाखवू नका. तपासणारा ते ओळखतो, आणि मग खऱ्या त्रासावरही शंका घेतली जाते.

कागद तारखेनुसार लावा: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे किंवा एमआरआयचे अहवाल, अलीकडची केसपेपर. औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा कामाचा नाही. निदान, त्याची तारीख आणि सध्याची अवस्था सांगणारे कागद वर ठेवा.

मानसिक आजारात रुग्णाला एकट्याने पाठवू नका. तिथे स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज आणि काम या चार बाबींत गुण देतात, आणि आजार किती काळ आहे यालाही गुण असतात. त्या दिवशी रुग्ण नीटनेटका, शांत बसलेला असू शकतो. आंघोळीला रोज सांगावं लागतं का, पैसे हाताळता येतात का, नोकरी किती वेळा सुटली, हे आईवडील किंवा जोडीदारानेच सांगायला हवं. लाजेपोटी "आता बरं आहे" म्हणणं रुग्णाला महागात पडतं. पहिल्या निदानाचा जुना कागद इथे फार मोलाचा असतो.

टक्के कमी आले तर

वाद घालू नका, कारणं लेखी मागा. ती कळवणं मंडळावर बंधनकारक आहे. निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलात तीच फाइल पुन्हा न देता, जी तपासणी राहिली तिचा ताजा अहवाल जोडा. टक्के वाढवून देतो म्हणणाऱ्या दलालाच्या नादी तर अजिबात लागू नका. खोट्या मार्गाने लाभ घेतल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ते प्रमाणपत्रधारकाला भोगावं लागतं.

कार्ड आलं म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही

कार्ड ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि त्यावर निळं असतं. पुढे प्रत्येक लाभाचा अर्ज वेगळा. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. ६५ च्या आतलं वय, राज्यात किमान १५ वर्षांचा रहिवास आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांग लाभार्थ्यांचं मासिक अनुदान २०२५ च्या निर्णयाने १,५०० वरून २,५०० रुपये झालं. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनाला मात्र ८० टक्के लागतात आणि नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावं लागतं.

मंजुरीनंतर पैसे अडकले तर आधी बँक खातं आधारशी जोडलंय का ते पाहा, मग हयातीचा दाखला दिला होता का ते आठवा. आणि प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदतीची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. फेरतपासणीचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधी टाका, कारण निर्णयाला तेवढा वेळ लागू शकतो.