साबुदाणा वीण: सुलट-उलट येतं त्यांच्यासाठी

नागपूरच्या डिसेंबरातल्या थंडीला पुरेल असा मफलर या विणीत छान होतो, कडाही वळत नाहीत. सीताबर्डीहून मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर आणा; गडद रंगात दाणे दिसतच नाहीत. सुया 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिमीच्या.

35 टाके घाला. संख्या विषमच हवी. प्रत्येक ओळ एकच: 1 सुलट, 1 उलट, शेवट सुलट.

दाण्यांऐवजी उभ्या पट्ट्या आल्या, तर सुलटावर सुलट पडलंय. समोर गाठ दिसली की सुलट, गुळगुळीत दिसलं की उलट विणा. टाके वाढताहेत? उलटासाठी लोकर सुयांमधून पुढे, सुलटासाठी मागे न्यायलाच हवी. नाहीतर सुईवर जादा वेढा बसतो.