उन्हाळ्यात चांदवड-मनमाडच्या डोंगरांवर जाताय? या चुका टाळा

होळी झाली की दर वर्षी माझ्या फोनवर तोच मेसेज येतो, "दादा, रविवारी कुठला किल्ला करू?" किती वाजता निघताय विचारलं की उत्तर ठरलेलं, सातला नाशिकच्या सीबीएस बसस्टँडला भेटतो, मिसळ खातो आणि निघतो. ट्रेक तिथंच बिघडलेला असतो.

नाशिकचे डोंगर म्हटलं की लोकांना त्र्यंबक, हरिहर आणि ढग आठवतात. पण इगतपुरीला वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात चांदवड-येवल्याकडं जेमतेम 500-600. मार्चनंतर तिकडचे राजदेर, इंद्राई, अंकाई-टंकाई हे किल्ले म्हणजे नुसतं वाळलेलं गवत, मुरूम आणि काळा कातळ, आणि हा कातळ अकराच्या पुढं असा तापतो की हात टेकवत नाही. हिवाळ्यात अडीच तासात केलेला किल्ला एप्रिलमध्ये तोच राहत नाही, हे पोरांना सांगून सांगून मी थकलोय.

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्येच एका ओळखीच्या ग्रुपबरोबर इंद्राईला गेलो होतो. राजदेरवाडीतून चालायला लागेपर्यंत साडेदहा वाजले होते, प्रत्येकाकडे एक-एक लिटरची बाटली, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं की वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत ना. मला दिसत होतं की हे चुकतंय, तरी मी पाहुणा म्हणून गप्प बसलो आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. वर पहिल्या टाक्यात नुसता भेगाळलेला गाळ, दुसऱ्यात हिरवं पाणी आणि त्यात फुगून तरंगणारा मेलेला पक्षी. आमच्यातला सगळ्यात दणकट पोरगा, रोज जिम करणारा, तो एकदम गप्प झाला. मग त्यानं विचारलं गाडी कुठं लावलीय, सांगितलं, पाच मिनिटांनी परत तेच, मग परत तेच. त्याचा हात धरला तर त्या रणरणत्या उन्हात त्याच्या अंगावर काटा आलेला. तेव्हा मात्र उष्माघाताच्या भीतीनं माझ्या पोटात गोळा आला. त्याला कोरीव गुहेत सावलीत झोपवलं, उरलेलं पाणी त्याच्या शर्टावर ओतलं, टोप्यांनी वारा घातला, आणि दोघं जण पळत खाली जाऊन गावातून पाण्याचे कॅन घेऊन आले. तो नीट बोलायला लागल्यावर ऊन कलायची वाट बघितली आणि दोन्ही बाजूंनी आधार देत त्याला उतरवलं. वाचला, पण त्या दिवशी नशिबाची साथ होती. खरं तर असंबद्ध बोलणं सुरू झालं की तोंडानं जबरदस्तीनं पाणी पाजत बसू नका, आधी अंग थंड करा आणि रेंज मिळताच 108 लावा.

तेव्हापासून माझी सवय ठरलीय. फेब्रुवारीनंतर माणशी चार लिटर पाणी, आणि ते घरून. घर पहाटे चारला सोडायचं, नऊला माथ्यावर, दहाला जिथं असू तिथून मागं फिरायचं, माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी. ह्या शेवटच्या गोष्टीवर माझी सगळ्यात जास्त भांडणं झालीत आणि पुढंही होतील. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी, सोबत ओआरएस नाहीतर मीठ-साखर-लिंबू, कारण घामातून मीठ जातं आणि वर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तरी मळमळतं, डोकं दुखतं. मिसळ येताना खा, तर्री पोटात घेऊन चढ चढायचा नसतो.

ढोरवाटेला पायवाट समजू नका. गुरं गवतापर्यंत जातात, माथ्यापर्यंत नाही, आणि ती वाट कड्याच्या पोटाशी नेऊन सोडते. वाट मोडली असं वाटलं की शेवटची ओळखीची खूण होती तिथवर मागं या, "इथूनच वर घुसू" हा शॉर्टकट सुट्या माती-दगडांच्या घसाऱ्यावर संपतो. झिजलेले रनिंग शूज घरीच ठेवा. वाळल्या गवतात सिगारेट, शेकोटी अजिबात नको, एका थोटकानं अख्खा डोंगर जळतो आणि गावाचा चाराही जातो.

आता रोपबद्दल. व्हिडिओ बघून रॅपलिंग, म्हणजे रोपवरून कडा उतरणं, शिकलेली पोरं हल्ली प्रत्येक सुळक्यावर भेटतात, आणि त्यांना सगळ्यात कंटाळा कशाचा तर रोपच्या टोकाला गाठ मारायचा. मनमाडजवळ एका सुळक्यावर आम्ही खाली उतरलो होतो, शेजारी दुसरा ग्रुप उतरत होता. रोप वरच्या रिंगमधून घालून डबल करून खाली फेकलेला, वारा भरपूर, आणि रोपची मधली खूण रिंगपाशी आलीय का हे कुणी बघितलंच नव्हतं. मी सहज वर बघितलं तर एक टोक जमिनीवर आणि दुसरं टोक उतरणाऱ्या मुलाच्या गुडघ्यापाशी वाऱ्यावर हलत होतं. त्याच्या खाली अजून तीन मजले हवा. अजून हातभर उतरला असता तर ते टोक डिसेंडरमधून (रोपवर उतरताना ब्रेकचं काम करणारं कमरेचं साधन) सुटलं असतं, अख्खा रोप रिंगमधून सरसर निघून आला असता आणि त्याच्याबरोबर तोही. मी ओरडलो, तो थांबला, टाचेपुरत्या एका खाचेत पाय रोवून भिंतीला चिकटून राहिला. आमचा रोप अजून वर होता म्हणून आमचा एक जण पुन्हा वर जाऊन शेजारून उतरला आणि त्यानं त्या मुलाला स्वतःच्या अँकरला, म्हणजे रोपच्या पक्क्या आधाराला, क्लिप केलं. खाली आल्यावर तो मुलगा बराच वेळ बोललाच नाही, नुसता हातातली माती झटकत बसला.

दोन गाठी, एक मिनिट. गाठ असती तर ती डिसेंडरला येऊन अडली असती, एवढं साधं आहे. मी रोप फेकायच्या आधी दोन्ही टोकांना गाठ मारतो, मधली खूण रिंगपाशी आणतो, खाली ओरडतो आणि मगच फेकतो. उतरताना प्रुसिक (वजन पडलं की रोपला आवळून धरणारी दोरीची गाठ) लावतोच, कितीही छोटा टप्पा असू दे. प्रत्येक कॅरॅबिनरचा, म्हणजे रोप अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू बोटानं फिरवून बघतो, नुसता डोळ्यानं नाही. आपल्या बेसॉल्टच्या कडा धारदार, म्हणून रोप घासतो तिथं गोणपाटाची जाड घडी. आणि कातळात ठोकलेला जुना गंजलेला बोल्ट दिसला की "आधीचे लोक ह्यावरच उतरले असतील" असं म्हणून त्याला लटकू नका, तो किती पावसाळे खाऊन बसलाय ते तुम्हाला माहीत नाही. ज्यांना ह्या सगळ्याचा वेळ नाही त्यांनी क्लायंबिंग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कड्याच्या पोटात काळी पोळी लोंबताना दिसली तर ते आग्यामोहोळ, तो रूट त्या दिवशी सोडा. धूर, भडक सेंट, आरडाओरडा, फेकलेला दगड, कशानंही माश्या उठतात, आणि पायी असाल तर पळता येतं, रोपवर लटकलेला माणूस पळणार कुठं? एक चावली की तिच्या वासावर बाकीच्या येतात, त्यामुळं जागेवर हात झटकत उभं राहू नका, तोंड झाका आणि लांब पळा. काटे नंतर नखानं खरवडून काढा.

आणि पायथ्याच्या गावात एका तरी घरी सांगून जा, किती जण, कुठल्या बाजूनं, किती वाजता परत. उतरल्यावर त्याच घरी परत तोंड दाखवा. एकदा आम्ही दुसऱ्या बाजूनं उतरून तसेच हायवेला लागलो, आणि पिंपळगावला चहा पित असताना फोन आला. सकाळी ज्यांच्या ओट्यावर बूट बांधले होते ते काका अंधारात बॅटरी घेऊन आम्हाला शोधत निम्म्या डोंगरावर पोचले होते.