सरपंचपद एकाच घरात अडकू नये म्हणून काय करायचं

आमच्या गावात १५ वर्षं सरपंचपद एकाच घरात होतं. दोन मुदती त्या घरचे कर्ते स्वतः, तिसऱ्या वेळी आरक्षण महिलेचं निघालं तेव्हा त्यांची पत्नी. त्या बाईंना पाच वर्षांत मी पंचायतीच्या कार्यालयात मोजून चार वेळा पाहिलं. पुढच्या मुदतीला मी निवडून आले, पाच वर्षं काम केलं आणि नंतर अर्ज भरला नाही. तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या बायका आणि तरुण पोरं विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. सरपंच किती वेळा व्हावं यावर आपल्याकडे कायद्याची मर्यादा नाही. पंचायतीची मुदत पाच वर्षं, हे घटनेच्या कलम २४३-ई मध्ये आहे. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष किंवा महापौर अडीच वर्षांचा असतो, पण तीही एका खेपेची मुदत झाली. माणूस निवडून येत असेल तर तो कितीही वेळा येऊ शकतो. लोक म्हणतात, आरक्षण फिरतं ना, मग आपोआप बदल होतो. होतो, पण नावापुरता. सोडतीत चिठ्ठी महिलेची निघाली की घरातली बाई उभी राहते आणि फाइल नवराच वाचतो.

माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे, त्याच्यासोबत फिलिपिन्सची बरीच माणसं. तिकडे १९८७ च्या घटनेनेच महापौर, गव्हर्नर वगैरे स्थानिक पदाधिकाऱ्यांना सलग तीन मुदतींपुढे बंदी घातली आहे. तरी कित्येक ठिकाणी चौथ्या वेळी बायको उभी राहते, मग मुलगा. हे ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं की नुसत्या मर्यादेने भागत नाही. दोन निवडणुकांच्या मधली पाच वर्षं गाव काय करतं, खरी गोष्ट तिथे ठरते.

म्हणून सुरुवात ग्रामसभेपासून करा. वर्षाला किमान चार व्हायला हव्यात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. नोटीस सात दिवस आधी लागते. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते. आता नीट लक्ष द्या. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही. आमच्याकडे वर्षानुवर्षं पहिली सभा रिकामी जायची, मग पुढच्या सभेत २५-३० जण बसून घरकुलाची यादी मंजूर व्हायची. आम्ही बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की पहिल्याच सभेला १०० डोकी न्यायची. शेंगा काढणीचे दिवस होते, तरी ११२ जणी-जण आले. त्या दिवशी यादी पहिल्यांदा मोठ्याने वाचली गेली.

सभेला गेलात की तीन गोष्टी सोडू नका. तुमचा विषय आधी लेखी देऊन पोच घ्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. ‘ऐनवेळच्या विषयां’वर विसंबलात तर तुमची पाळी येईपर्यंत मंडप रिकामा झालेला असतो. ठराव झाला की सूचक आणि अनुमोदक यांची नावं तिथेच प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. आणि कोऱ्या हजेरी वहीवर सही करू नका. घरी वही घेऊन कुणी आलं तर प्रेमाने चहा पाजा आणि सही सभेतच करीन म्हणून सांगा.

मग कागद. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, प्रत पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. ‘सगळा कारभार द्या’ असं मागू नका. एकच काम धरा. आम्ही एका गटाराचं अंदाजपत्रक, मोजमाप आणि बिल मागितलं, टेप घेऊन लांबी मोजली आणि फरक ग्रामसभेत वाचून दाखवला. कुणावर आरोप केला नाही, फक्त दोन आकडे वाचले.

दुसरा माणूस तयार करणं हे सगळ्यात मोठं काम, आणि लोक ते निवडणूक लागल्यावर सुरू करतात. किमान दोन वर्षं आधी सुरुवात करा. आरक्षण काय निघेल कळत नाही, म्हणून प्रत्येक प्रवर्गातली एक बाई, एक पुरुष मनात धरा. जातीचा दाखला आणि पडताळणी आधीच करून ठेवा. आमची एक चांगली उमेदवार निव्वळ या कागदापायी घरी बसली. घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली हवी. सरकारी जागेवर अतिक्रमण नको. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्रता येते. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराला सातवी पास असावं लागतं. निवडणुकीनंतर खर्चाचा हिशेब ३० दिवसांत द्या, जिंकलात तरी आणि हरलात तरी.

अविश्वास ठरावाकडे मात्र घाईने वळू नका. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणता येत नाही, शेवटचे सहा महिनेही नाही. नोटीस तहसीलदारांकडे द्यायची, तिच्यावर दोन तृतीयांश सदस्यांच्या सह्या लागतात आणि ठराव तीन चतुर्थांश मतांनी व्हावा लागतो. मतदानाचा हक्क असलेले १२ जण असतील तर सह्या ८, मतं ९. त्यानंतर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाची मान्यता. म्हणजे शेवटी बोट पुन्हा ग्रामसभेकडेच येतं. जिथे चार सभांना माणूस येत नाही तिथे या मतदानाला येईल, यावर मी भरवसा ठेवणार नाही.

आमच्या गावाने आणखी एक केलं. उमेदवारांनी मारुतीच्या पारावर उभं राहून सांगितलं की मी एकच मुदत करीन आणि कार्यालयात मी स्वतः बसेन. याला कायद्याचं बळ नाही, ते आम्ही सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. शब्दच तो, पण चारशे माणसांसमोर दिलेला. मात्र या वाटेने जाताना कुणाला अर्ज मागे घ्यायला भाग पाडू नका, आणि देवळाच्या देणगीच्या नावाखाली पदाची बोली तर अजिबात नको. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन्ही ठिकाणची निवडणूक लिलावाच्या कारणाने राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली.

बाई निवडून आली असेल तर तिच्याजवळ पहिल्या दिवसापासून दोन वस्तू हव्यात: शिक्का आणि डिजिटल सहीचा डोंगल (संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी कांडी). वित्त आयोगाच्या पैशाची देयकं त्या डोंगलवर निघतात. तो नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात असेल तर सरपंच तोच. मी माझा डोंगल मंगळसूत्राच्या डब्यात ठेवायचे आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच माहीत नव्हता, याबद्दल सासूबाई सहा महिने रुसल्या होत्या.

पद सोडतानाही कामं असतात. अर्धवट कामांची यादी, कोणत्या ठेकेदाराचं काय देणं, कोणती फाइल पंचायत समितीत अडकली आहे, हे मी सात पानांवर हाताने लिहून नव्या सरपंचबाईंना दिलं. पहिले तीन महिने त्या दर बुधवारी विचारायला यायच्या. चौथ्या महिन्यात यायच्या थांबल्या, आणि मीही कार्यालयाच्या बाजूने जाणं बंद केलं.